कणकुंबीच्या माउलीसमोर थांबलेली बस

माजी विद्यार्थी मंडळाच्या सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आमची बस खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ थांबली. वेळापत्रकात तिथे चाळीस मिनिटं लिहिलेली होती. आम्ही तिथून निघालो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. मधल्या वेळात हॉस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं राहिलेले दोन मित्र एकमेकांवर ओरडले, आमच्या सरांनी तयार करून आणलेलं व्याख्यान घडी घालून खिशात ठेवलं, आणि पुढची दोन ठिकाणं रद्द झाली. त्या साडेचार तासांबद्दल मंडळात अजून दोन मतं आहेत. माझं मत ठाम आहे, पण ते कसं झालं हे कळण्यासाठी आधीची हकिकत सांगावी लागेल.

बेळगावातल्या ज्या कॉलेजात आम्ही शिकलो, तिथल्या माजी विद्यार्थी मंडळाचा मी सचिव. दरवर्षी स्नेहमेळावा होतो. सत्कार, शाल-श्रीफळ, जेवण, जुने फोटो. सहलीची कल्पना निघाली ती मंडळातल्या एका ताईंकडून. त्यांची मुलगी अमेरिकेत असते. तिकडे स्टॅनफर्ड, हार्वर्ड अशा विद्यापीठांच्या माजी विद्यार्थी संघटना प्राध्यापकांना बरोबर घेऊन सहली काढतात. निघण्याआधी वाचायला मजकूर मिळतो, प्रवासाची व्यवस्था दुसरं कोणी बघतं, आणि प्राध्यापक व्याख्यान देऊन मोकळा न होता जेवताना, चालताना लोकांतच असतो. हे सांगून ताई म्हणाल्या, "आपल्याला एवढ्या लांब कशाला जायला पाहिजे? खानापूर तालुका तरी कितीजणांनी नीट बघितलाय?" हात वर झाले ते सहा-सात. बेळगावात तरुणपण काढलेल्या माणसांना हलशी माहीत होती ती बसच्या पाटीवरून.

डिसेंबरातला शनिवार-रविवार ठरला. एकतीसजण आले. सगळ्यात लहान बावन्न वर्षांचे, सगळ्यात मोठे चौऱ्याहत्तर. पुण्या-मुंबईहून आलेले निम्मे, बाकीचे बेळगाव, निपाणी, खानापूर, रामदुर्ग आणि गोव्यातले. तज्ज्ञ दोन. भूगोलाचे आमचे निवृत्त सर, ज्यांच्या हाताखाली आमच्यातले बरेचजण शिकले. आणि धारवाडहून आलेल्या शिलालेख-ताम्रपटांच्या अभ्यासक मॅडम, मातृभाषा कन्नड, मराठी आमच्याइतकीच स्वच्छ.

मानधनाचा विषय निघाला तेव्हा समितीत एकजण म्हणाले, "सर आपलेच, त्यांना काय द्यायचं?" मी हट्टाने मानधन लावून घेतलं. आपलेपणाच्या नावाखाली शिक्षकाचं काम फुकट घ्यायचं ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि फुकट बोलावलेल्या माणसाला वेळापत्रकात बदल सुचवायचा संकोच वाटतो. सरांना तो मानधन घेऊनही वाटला.

पहिल्या आराखड्यात मी आठ ठिकाणं कोंबली होती: कित्तूर, देगावेचं कमलनारायण मंदिर, हलशी, नंदगड, कणकुंबी, हब्बनहट्टी, असोगा आणि खानापुरातलं कुंभारकामाचं केंद्र. मॅडमनी यादी बघून फोनवरच सांगितलं, "हलशीला तीन तास नसतील तर मी येत नाही." कित्तूर आणि देगावे तिथल्या तिथे गळाली. सर मात्र भिडेचे. कणकुंबीला चाळीस मिनिटं ठेवलीत, पुरतील ना, असं विचारलं तर म्हणाले, "बघू, जमवू." त्या "जमवू"चा अर्थ मला तेव्हाच समजायला हवा होता.

हलशीच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कणकुंबीत जे घडलं त्याचं बी तिथे पडलं.

हलशी म्हणजे जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंब राजांचं उत्तरेकडचं ठाणं. गावाबाहेर चक्रतीर्थ नावाच्या लहानशा विहिरीजवळच्या मातीच्या ढिगात एकोणिसाव्या शतकात ताम्रपट सापडले आणि इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी ते वाचून छापले. त्यातला एक पाचव्या शतकातल्या मृगेशवर्म्याचा. वडील शांतिवर्मा यांच्या स्मरणार्थ त्याने पलाशिकेत जिनालय बांधवलं आणि यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक या तीन जैन संघांना जमीन दिली. मॅडमनी आठवडाभर आधी प्रत्येकाला चार पानं पाठवली होती. ताम्रपटातला उतारा देवनागरीत, खाली मराठी आणि कन्नड अर्थ. हलशीच्या देवळाच्या आवारात आम्ही ती पानं घेऊन बसलो. जमिनीचं वर्णन आलं: मातृसरित या नदीपासून इंगिणी संगमापर्यंत, राजमानाने तेहतीस निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप).

आमच्यात एक निवृत्त तलाठी होते. तीस वर्षं याच जिल्ह्यातल्या गावांचे उतारे लिहिलेला माणूस. सकाळपासून ते एक शब्द बोलले नव्हते. इथे त्यांनी हात वर केला. "मॅडम, ही चतुःसीमा अर्धीच आहे. दोन टोकं सांगितली, बाजू सांगितल्या नाहीत. म्हणजे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला बाजू माहीत होत्या. आणि 'राजमानाने' असं मुद्दाम घातलंय. म्हणजे गावात मोजायचं माप वेगळं असणार. आमच्याकडे पण सरकारी मोजणी आणि गावची समजूत यांत फरक पडतोच की."

मॅडमनी वही काढून ते लिहून घेतलं. मग त्या बाजूला सरकल्या आणि पुढची वीस मिनिटं तलाठीसाहेब बोलले. जमीन दान देताना हद्द का सांगावी लागते, नदी सरकली की हद्दीचं काय होतं, नदीकाठच्या जमिनीचे वाद कसे येतात. पंधराशे वर्षांपूर्वीचा तांब्याचा पत्रा लोकांना आपल्या घरच्या उताऱ्यासारखा वाटू लागला. विशीतल्या विद्यार्थ्यांच्या वर्गात हे झालं नसतं. त्यांच्याकडे अजून तीस वर्षांची नोकरी नसते.

नंतर भूवराह-नरसिंह मंदिर पाहिलं. समोरासमोर दोन गाभारे, आणि वर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेलं कदंब धाटणीचं शिखर. हे गोव्याच्या कदंबांच्या काळातलं काम, राजा शिवचित्त पेर्माडीच्या वेळचा ११६९चा शिलालेख तिथे आहे. "कदंब आपले की त्यांचे?" हा प्रश्न आलाच. सीमाभागात तो यायचाच. मॅडमनी तो टाळला नाही. कन्नडमधल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाणारा हलमिडीचा लेख कदंबांच्याच काळातला, हे त्यांनी सांगितलं. हातातला ताम्रपट मात्र संस्कृतात आहे, आणि तो सापडला त्या गावात आज घरोघरी मराठी बोलतात, हेही सांगितलं. "यातलं एकही खोटं नाही. तुम्हाला एकच ठेवायचं असेल तर बाकीचं कुठे टाकणार?" विचारणारे गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी कन्नड अर्थाचं पान मागून घेतलं. त्यांना कन्नड वाचता येतं हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

संध्याकाळी नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीला गेलो. २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला तिथे फाशी दिली. अंधार पडत आला होता, फार थांबता आलं नाही.

मुक्काम जांबोटीच्या बाजूला होता. सकाळी उप्पीट-चहा घेऊन निघालो आणि कणकुंबीला पोचलो.

सरांनी सुरुवात छान केली. कणकुंबी समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवर, सह्याद्रीच्या माथ्याला. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम मानतात. तिथून ती पूर्वेला निघते. हब्बनहट्टी, असोगा, खानापूर करत मुनवळ्ळीजवळ नवीलुतीर्थाच्या धरणात येते, पुढे रामदुर्ग, पट्टदकल, ऐहोळे आणि कुडलसंगमाला कृष्णेत. म्हणजे बंगालचा उपसागर. पण गावापासून जवळच कळसा नाला वाहतो तो पश्चिमेला. तो म्हादईला मिळतो, म्हादईची पुढे मांडवी होते आणि ती पणजीला अरबी समुद्रात जाते. एकाच गावच्या शिवारात जलविभाजक रेषा. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि याच नदीच्या खालच्या अंगाला सौंदत्तीत सहाशेच्या आतबाहेर.

"म्हणूनच," आमचा रामदुर्गचा मित्र मध्येच बोलला, "इथलं वाया जाणारं पाणी तिकडे वळवायचं म्हणतोय आम्ही."

"वाया?" गोव्यातल्या वाळपईचा मित्र फिरला. "कोण म्हणतो वाया? काय सांगूलालास तू?"

हे दोघे १९७९ ते ८२ एका खोलीत राहिलेले. एकाची शेती मलप्रभेच्या कालव्यावर, दुसऱ्याचं सत्तरीत कुळागर, म्हणजे माडा-सुपारीची बाग. दोन मिनिटांत आवाज चढले. एकाने म्हादईच्या पाण्याची राज्यांत वाटणी ठरवणाऱ्या म्हादई जलतंटा लवादाचं नाव घेतलं, दुसऱ्याने कळशाचं पाणी मलप्रभेकडे वळवायला अर्धवट खोदलेल्या कालव्याकडे बोट केलं. भोवती दोन गट पडले. मराठीत सुरू झालेलं भांडण कन्नड आणि कोकणीत गेलं. पुण्याचे एकजण म्हणाले, "राजकारण नको हो, चला देवळात." मी सगळ्यांना बसमध्ये बसवायला निघालो होतो. सहल चालवणाऱ्याला अशा वेळी तेवढंच सुचतं. सरांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "थांब."

ते देवळाच्या कट्ट्यावर बसले. हातातले कागद घडी घालून खिशात ठेवले. आवाज आपोआप खाली आले. जुन्या विद्यार्थ्यांवर सरांच्या गप्प बसण्याचा परिणाम होतो तो तसाच झाला. मग ते म्हणाले, "वाचलेलं नको. टीव्हीवरचं नको. तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं पाणी सांगा. एक बोलेल तेव्हा दुसरा बोलणार नाही. आधी रामदुर्ग."

तो बोलला ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी त्याच्या घरी शाळू, हरभरा आणि कापूस. कालवा आला तेव्हा वडिलांनी नारळ फोडला. पाणी यायच्या आधी पट्टी आली. १९८०च्या जुलैत नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं तेव्हा वडील तिकडे गेले होते, आणि हा बेळगावच्या हॉस्टेलवर दोन दिवस न जेवता निरोपाची वाट बघत बसला होता. "तू होतास की तेव्हा खोलीत," तो वाळपईच्या मित्राला म्हणाला. "तूच मेसमधनं ताट आणलंस." त्याची जमीन कालव्याच्या शेपटाला. पाणी येतं ते रात्री, आणि धरण भरलं नाही त्या वर्षी येतच नाही.

मग वाळपई. त्याने कुळागरातल्या पाटाचं सांगितलं, माडा-सुपारीला वळणावळणाने पाणी कसं फिरतं ते. पण मुख्य सांगितलं ते सासुरवाडीचं. त्याची सासुरवाडी मांडवीतल्या दिवाडी बेटावर. तिथल्या खाजन शेतीत बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवतात आणि भरती-ओहोटीप्रमाणे मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पाणी आत-बाहेर सोडतात. वरून येणारं गोडं पाणी कमी झालं की खारं पाणी नदीत आणखी वर चढतं. "नदी समुद्राला मिळते ती वाया जात नाही रे. ती त्याला अडवून धरते."

इथवर दोन बाजू झाल्या होत्या, आणि आम्ही त्यावर समाधान मानलं असतं. खानापूरच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई मात्र उठल्या आणि देवळापाशी नारळ-फुलं विकणाऱ्या आजींजवळ जाऊन बसल्या. "आज्जी, तुमच्या गावचं पाणी सांगा की." आजी आधी लाजल्या. मग म्हणाल्या, पावसाळ्यात चार महिने भिंती ओल्या, चूल पेटत नाही. आणि उन्हाळ्यात घागर घेऊन लांब जावं लागतं. "सगळी पाणी मागायला हितंच येतात, आणि आमाला इच्यारत न्हाईत."

आमच्या आराखड्यात कणकुंबीतलं कोणीच नव्हतं. दोन तज्ज्ञ, एकतीस माणसं, बस, डबे, औषधांची पेटी, सगळं होतं. ज्या गावात उभे होतो त्या गावाला एकही खुर्ची नव्हती. ही चूक माझी, आणि सगळ्या सहलीतली मोठी.

त्यानंतर आम्ही चालत निघालो. ज्यांचे गुडघे साथ देत नव्हते ते आजींजवळ थांबले. कळसा नाल्याच्या बाजूला, रस्त्यावरून अर्धवट कालव्याचं खोदकाम दिसतं तिथे सर उभे राहिले, आणि आता त्यांनी आकडे काढले. लवाद २०१०मध्ये नेमला गेला, निवाडा १४ ऑगस्ट २०१८चा. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. एक टीएमसी म्हणजे सुमारे दोन हजार आठशे बत्तीस कोटी लिटर. कर्नाटकाच्या वाट्यातलं मोठं पाणी वीजनिर्मितीसाठी, जे वापरून पुन्हा नदीतच सोडायचं. मलप्रभेकडे वळवायला परवानगी ३.९ टीएमसीची, त्यात कळशाचं १.७२ आणि बंडुरी नाल्याचं २.१८, आणि ते पिण्यासाठी.

रामदुर्गच्या मित्राने दोनदा विचारून घेतलं. "पिण्यासाठी? म्हणजे माझ्या शेपटाला नाही?"

"नाही," सर म्हणाले.

तो बराच वेळ नाल्याकडे बघत राहिला. हेच आकडे सरांनी साडेनऊला सांगितले असते तर दोघांनीही ते एकमेकांवर फेकायला वापरले असते. ओरडून, सांगून, ऐकून, चालून झाल्यावर आले म्हणून ते कानात शिरले. माहितीचा क्रम ही तज्ज्ञाची खरी कामगिरी आहे असं मला तेव्हापासून वाटतं, आणि तो क्रम घरी बसून पूर्ण ठरवता येत नाही.

शेवटी कोणीतरी विचारलं, "सर, तुमचं मत?" सर म्हणाले, "आतापर्यंत सांगितलं तो भूगोल. आता सांगतो ते माझं मत, ते वेगळ्या पानावर लिहा. पाणी वळवायच्या आधी मी मलप्रभेच्या लाभक्षेत्रात ऊस किती आणि कालव्यात गळती किती हे मोजीन. आणि कणकुंबीला बारमाही नळ देईन." रामदुर्गच्या मित्राला उसाचं बोलणं झोंबलं, त्याने तसं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. काहींना वाटतं, तज्ज्ञाने मत देऊच नये. साठीच्या माणसांसमोर मत लपवणं मला अपमानासारखं वाटतं. ते शेवटी द्यावं आणि मत म्हणूनच द्यावं.

हब्बनहट्टी आणि असोगा रद्द झाले. खानापुरात कुंभारकामाचं केंद्र बाहेरूनच पाहिलं. आठवड्याने मला एका सदस्याची चिठ्ठी आली: "मी देवळं आणि जुनं बांधकाम बघायला पैसे भरले होते, पाण्याचं भांडण ऐकायला नाही. देगावे आधीच गाळलंत, वर दोन तीर्थंही गाळलीत." हे गृहस्थ सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. त्यांची तक्रार रास्त होती. आम्ही जाहीर केलं एक आणि दिलं दुसरं. दुसरं चांगलं होतं म्हणून पहिलं न दिल्याची जबाबदारी जात नाही. रद्द झालेल्या भागाचे पैसे फार नव्हते, पण ते आम्ही सगळ्यांना परत केले.

समितीच्या बैठकीत पुढच्या सहलीचं बोलणं झालं तेव्हा दिवसाला एकच मोठं ठिकाण, हे लगेच ठरलं. गावातल्या एका माणसाला आधी भेटून, मानधन देऊन, बोलायला बोलवायचं, हेही ठरलं. कणकुंबीच्या आजींना काय द्यावं यावर मात्र खूप चर्चा झाली. खानापूरच्या बाई म्हणाल्या, पैसे मी देईन, तुम्ही परत जाऊन त्यांना विचारून या. आम्ही चौघे गेलो. आजींनी चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, पुढच्या खेपेला उन्हाळ्यात या, म्हणजे घागर दाखवते.

सगळ्यात उपयोगी ठरला तो एक साधा फोन. आता सहलीच्या महिनाभर आधी प्रत्येक सदस्याला आम्ही फोन करून विचारतो: या जागेशी तुमचा काय संबंध? तुम्हाला तिथलं काय माहीत आहे? उत्तरं तज्ज्ञाला कळवतो. माजी विद्यार्थी म्हणजे मोठे झालेले विद्यार्थी असं समजून आम्ही पहिली सहल आखली होती. त्यातला कोणी तीस वर्षं जमिनीचे उतारे लिहीत आलेला असतो, कोणाच्या शेतात तोच कालवा संपतो. हे तज्ज्ञाला बसमधून उतरल्यावर कळलं तर त्याचं व्याख्यान अडखळतं. आधी कळलं तर तो त्यासाठी जागा ठेवतो.

पुढची सहल देगावेला आहे. हे कित्तूरजवळचं. खानापूरच्या जंगलात म्हादई उगम पावते ते देगाव वेगळं. नावं जवळची म्हणून पहिल्या वेळी आमच्यातल्या दोघांनी चुकीच्या गावी राहायची चौकशी केली होती. देगावेचं कमलनारायण मंदिर शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिने बाराव्या शतकात बांधवलं, म्हणजे हलशीचाच धागा पुढे जातो. मॅडम येणार आहेत. मी फोन केला तेव्हा चिठ्ठी लिहिणारे अभियंता आधी नाराजीनेच बोलले. मग मी विचारलं, त्या देवळाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? ते म्हणाले, इतिहास काही नाही, पण दगड कसा कापला, सांधा कसा बसवला, वरचं ओझं कुठे उतरतं, हे बघितल्यावर सांगता येईल. नोकरीत असताना एकदा कामासाठी त्या बाजूला गेले होते, तेव्हा अर्धा तास देवळासमोर उभे राहिले होते. कोणाला सांगायचं राहून गेलं होतं.

मॅडमना कळवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं: देवळासमोरचा पहिला अर्धा तास साहेबांचा ठेवा, मी वही घेऊन येते.